२६वी नॉर्थ कॅरोलायना : आधी हजेरीपट, मग पोवाडा

मोडीवाली

परवा जुनाखोडकाकांनी गेटिसबर्गच्या सहलीवर लिहिलं. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, गुलामगिरी राखणाऱ्या फुटीर दक्षिण आणि उत्तर यांच्यातली ही मोठी लढाई. फोटो सुरेख आहेत. पण शेवटचे दोन परिच्छेद वाचल्यावर झोप लागेना, म्हणून हा वेगळा धागा. काकांचं म्हणणं थोडक्यात असं: दक्षिणेच्या २६व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीची ८०० पोरं १ जुलै १८६३ ला रानात शिरली आणि त्यातली ५८८ मेली. सगळी गरीब शेतकऱ्यांची, गुलामगिरीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. पलटणीत काळे सैनिकही होते आणि राज्याने त्यांना पुढे पेन्शनी दिल्या. जुन्या शिपायांनी १९०१ साली पलटणीचा इतिहास लिहून ठेवलाय, आता त्यात राजकारण घुसडू नये.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहते. ही पलटण ऑगस्ट १८६१ मध्ये रॅलीजवळ क्रॅबट्रीच्या छावणीत उभी राहिली. ती जागा माझ्या घरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. गेली अडीच वर्षं माझे शनिवार या पलटणीच्या कार्डांत जातात, त्यामुळे गप्प बसणं जमणार नाही.

आधी ५८८. ते मेले नाहीत. लढाईनंतरच्या सैन्याच्या वैद्यकीय यादीत ८६ ठार आणि ५०२ जखमी आहेत, त्यांची बेरीज ५८८. जखमींतले जे पुढे इस्पितळात किंवा कैदेत दगावले ते ठारांत धरलेले नाहीत. म्हणजे मेलेल्यांचा खरा आकडा ८६ पेक्षा बराच मोठा आणि ५८८ पेक्षा बराच लहान. तो काढायचा तर एकेका माणसाचं कार्ड वाचावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

ही कार्डं काय प्रकार आहे ते सांगते. पलटणीत साधारण दर दोन महिन्यांनी हजेरीपट व्हायचा. युद्ध संपता संपता दक्षिणेच्या युद्धखात्याचे कागद शार्लटमध्ये उत्तरेच्या हाती लागले. पुढे १९०३ पासून वॉशिंग्टनच्या कारकुनांनी त्यातली एकेका शिपायाची प्रत्येक नोंद वेगळ्या कार्डावर उतरवली. वर नाव, हुद्दा, कंपनी. खाली 'हजर की गैरहजर' आणि त्याखाली शेरा. सगळा जीव त्या शेऱ्यात असतो. 'आजारी, घरी.' 'पळाला.' 'जखमी, शत्रूच्या हाती.' कधी पॉइंट लुकआउटचा, म्हणजे उत्तरेचा, तुरुंग आणि शेवटचं कार्ड: अमेरिकेच्या सैन्यात दाखल. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांचाच निळा डगला चढवून तुरुंगातून बाहेर पडलेली माणसं! पोवाड्यात ती सापडत नाहीत.

एफ कंपनी घ्या. कॉल्डवेल काउंटीची. गेटिसबर्गला ९१ जण उतरले आणि एकूण एक ठार किंवा जखमी झाले असं सांगतात, काकांनीही तेच लिहिलंय. त्याच कंपनीत २० मार्च १८६२ ला सॅम ब्लॅलॉक नावाचा पोरगा नवऱ्याबरोबर भरती झाला. हो, नवऱ्याबरोबर. सॅम म्हणजे मलिंडा. महिन्याभरात नवऱ्याला आजारपणावरून सुट्टी मिळाली, तेव्हा तिने आपण बाई असल्याचं सांगितलं, भरतीचे पैसे परत केले आणि घरी गेली. कारकुनाने हे सगळं शेऱ्यात लिहिलंय. नवरा-बायको दोघंही पुढे डोंगरात उत्तरेच्या बाजूने लढले. एकाच कंपनीच्या पटावर एवढं आहे, आणि आपण 'शूर पोरं' म्हणून पान उलटायचं?

आता गुलामगिरी. कर्नल हेन्री बर्गविन पडला तेव्हा २१ वर्षांचा होता, हातात निशाण होतं. वाचताना माझाही घसा दाटतो. पण त्याच्या वडिलांच्या रोआनोक नदीकाठच्या मळ्यावर शंभराच्या वर गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. मालकाचं नाव ठसठशीत आणि त्याखाली नुसतं वय, बाई की पुरुष, वर्ण. नाव नाही. एकामागून एक पानं, एकही नाव नाही. हजेरीपटाशेजारी ही यादी ठेवल्याशिवाय पलटणीचा इतिहास लिहिला असं मी म्हणणार नाही.

जुनाखोड

ताई, मी या देशात ४१ वर्षं काढली. माझ्या शेजाऱ्याचे पणजोबा या पलटणीत होते. बारा एकर डोंगराळ जमीन, एक खेचर, गुलाम एकही नाही. त्या रानात ओढ्याकाठी हा सत्तरीचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याला मी जनगणनेची यादी दाखवायची होती का?

आणि तुम्ही एक गोष्ट सोयीने गाळलीत. फेब्रुवारी १८६१ मध्ये याच राज्याच्या मतदारांनी अमेरिकेतून फुटून निघण्यासाठी परिषद भरवायलाच नकार दिला होता. लिंकनने सैन्य मागितल्यावर, आपल्याच शेजाऱ्यांवर चालून जायची वेळ आली तेव्हा २० मे ला राज्य बाहेर पडलं. ही माणसं दारात आलेल्या फौजेशी लढली. पानिपतावर पडलेल्या प्रत्येक शिलेदाराला आपण विचारतो का, तुझ्या घरी किती कुणबिणी होत्या?

५८८ चं तपासतो.

मोडीवाली

फेब्रुवारीचा मुद्दा बरोबर आहे. मी तो लिहायला हवा होता.

पण 'दारात आलेल्या फौजेशी' नाही हो काका. गेटिसबर्ग पेनसिल्व्हेनियात आहे. तिथे दार मिशिगनच्या पोरांचंही नव्हतं, पण देश त्यांचा होता. त्या रानात समोर उत्तरेची २४वी मिशिगन पलटण होती. तिची ४९६ पैकी ३६३ माणसं गेली, ठार-जखमी-बेपत्ता धरून. तुमच्या लेखात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

शेजाऱ्यांच्या पणजोबांबद्दल मला आदरच आहे. त्यांचं कार्ड काढा. एप्रिल १८६२ ला सक्तीच्या भरतीचा कायदा आला. ऑक्टोबरात सवलत आली, वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला माफी. बारा एकर आणि एक खेचरवाल्याला कसली माफी? ते आपणहून गेले की नेले गेले, हे भरतीच्या तारखेवरून बरंचसं कळतं. गरीब शेतकऱ्याची बाजू घ्यायची तर हे विचारायलाच हवं. आणि पानिपताच्या शिलेदाराला कुणबिणींचं विचारायला हवं असंच माझं मत आहे.

वऱ्हाडी वाटसरू

या लढाईचा आपल्याशी संबंध कापसाचा. दक्षिणेची बंदरं अडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून १८६१ ते ६५ मध्ये वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरची साथ आली. तिकडे शरणागती झाली आणि १ जुलै १८६५ ला मुंबईत पेढ्या बसल्या. मुंबईच्या इमारती सगळे सांगतात, पण भाव पडल्यावर ज्वारी मोडून कापूस लावलेल्याचं काय झालं ते कोणी सांगत नाही. आमच्या घरातली शेती पुढे सावकाराकडे का गेली, हे आजोबा 'अमेरिकेची लढाई' म्हणून सांगायचे. त्यांनी ते त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं.

कृष्णाकाठ

मला या सगळ्या धाग्याचाच राग आलाय, स्पष्ट सांगतो. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे गावोगावी पहिल्या महायुद्धाचे दगड बसवलेत. 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.' नुसता आकडा! अपशिंग्याचा ४६. नाव एकाचंही नाही. आमच्या गावचा दगड चावडीच्या भिंतीत होता. रस्ता रुंद केला तेव्हा काढून ठेवला आणि दोन वर्षं पालथा पडला होता, त्यावर बायका धुणं आपटायच्या. मी आणि चुलतभावाने तो उचलून देवळाच्या ओसरीला लावला, तेव्हा ग्रामपंचायतीत कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि इथे आपली शिकलेली मुलगी अडीच वर्षं शनिवारचे शनिवार कोणासाठी घालवते? गुलाम ठेवणाऱ्यांच्या पलटणीसाठी. ज्यांच्या नातवंडांनी त्यांना गावोगाव पुतळे उभे केले त्यांच्यासाठी. माझे पणजोबा मेसोपोटेमियात गेले ते आलेच नाहीत. त्यांचं कार्ड कोण वाचणार?

गंजपेठी

कृष्णाकाठ, राग समजला, पण 'आपला काय संबंध' हे पटत नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. पुण्यात बसून त्यांना तो संबंध दिसला होता. आणि मोडीवाली, तुम्ही पेन्शनीचा मुद्दा सोडलात. सगळ्यात घातक तोच आहे.

मोडीवाली

सोडला नाही, त्यावर वेगळं लिहायचं होतं. नॉर्थ कॅरोलायनाने १९२७ साली काळ्या माणसांना पेन्शनी दिल्या, खरं आहे. कोणाला? छावणीत मालकाबरोबर नोकर म्हणून नेलेल्या गुलामांना. ते सैनिक नव्हते. दक्षिणेच्या संसदेने काळ्यांना हत्यार देण्याचा कायदा केला १३ मार्च १८६५ ला, शरणागतीच्या महिनाभर आधी. गेटिसबर्गला काळे सैनिक दक्षिणेकडून लढले म्हणायचं तर १८६३ च्या हजेरीपटावर दाखवा.

बर्गविनबरोबर किन्सियन नावाचा गुलाम होता. कर्नल पडल्यावर त्याचं सामान घरी पोचवणारा तोच. पोवाडेवाले 'इमानी सेवक' म्हणून एक ओळ देतात. परत फिरला नसता तर त्याच्या घरच्यांचं काय झालं असतं, हे कोणी लिहीत नाही. इथल्या एका हौशी मंडळात मी ही नोंद वाचून दाखवली, तर पुढच्या बैठकीचं निमंत्रणच आलं नाही.

कृष्णाकाठदादा, तुमच्या दगडावर नावं नाहीत, माझ्या यादीत नावं नाहीत. मी अडीच वर्षं नेमकं हेच करतेय, आकड्याच्या जागी माणूस शोधतेय. यात तुमच्याविरुद्ध काय आहे?

कृष्णाकाठ

विरुद्ध हे आहे की तिथे कागद आहेत, सरकारने कार्डं करून दिलीत, तुम्हाला घरबसल्या स्क्रीनवर दिसतात. आमच्याकडे काय? आजीच्या ट्रंकेत एक पेन्शनबुक. ते घेऊन मी एका कचेरीत गेलो तर साहेब म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता, काही मिळणार आहे का त्यातून. माझ्या आईसमोर म्हणाला. पानिपतावरून पत्र आलं, 'दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला गणती नाही.' आम्ही खुर्दाच. गणतीत नाही.

जुनाखोड

कृष्णाकाठ, तुमची ती ट्रंक वाचून माझाही आवाज बसला. माझे वडील सैन्यात सुभेदार होते. त्यांच्यामागे आईला कागदांसाठी किती खेटे घालावे लागले, ते मी पाहिलंय.

ताईंसाठी: ५८८ तपासलं. ८६ आणि ५०२. मी चुकलो, लेखात दुरुस्ती केली आहे. पेन्शनीचंही पाहिलं. अर्जांवर नोकर म्हणूनच नोंद आहे. ते वाक्य काढतो. पण १९०१ चा इतिहास पोवाडा म्हणून बाजूला सारायला मी तयार नाही. तो लिहिणारे त्या रानात होते, तुम्ही-मी नव्हतो. निशाण एकामागून एक तेरा-चौदा जणांनी उचललं, हे तुमच्या कुठल्या कार्डावर आहे?

मोडीवाली

कुठल्याच नाही, मान्य. तेरा की चौदा हे त्यांच्यातही जुळत नाही, पण उचललं हे खरं. १९०१ चा तो इतिहास ज्यात आहे ते वॉल्टर क्लार्क यांचे पाच खंड मी बाजूला सारत नाही, बखर म्हणून वाचते. 'भाऊसाहेबांची बखर' वाचल्यावर आपण पत्रं शोधतोच ना? राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव हिंडले ते उगाच नाही. बखरीत लढाई असते. १८६१ च्या हिवाळ्याआधी बोग बँक्सच्या वाळूत गोवराने आणि तापाने माणसं गेली, ती शेऱ्यातच सापडतात. त्यांना कोणी निशाण दिलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या पणजोबांची कंपनी कळवा. कार्डं मी काढून देते. त्यात 'पळाला' असलं तरी त्यांना दाखवाल का, एवढं आधी सांगा.

जुनाखोड

विचारून सांगतो. कंपनी एफ.

मोडीवाली

आणि कृष्णाकाठदादा, पेन्शनबुकावर पलटणीचा आकडा आहे का? मळलेला असेल तर उन्हात तिरका धरून फोटो काढा, दाबून लिहिलेली अक्षरं उठून दिसतात. मोडीची रुमालं वाचताना मी हेच करते.

कृष्णाकाठ

राग गेलेला नाही. फोटो काढला. ११० असं काहीतरी आहे, पुढे 'मराठा'. तारीख पुसलीय.

मोडीवाली

११०वी मराठा लाइट इन्फंट्री मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. पणजोबा त्यात होते का, हे आत्ता सांगता येणार नाही. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या आहे. पण नावं वेगळ्या नोंदवहीत आहेत. पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव, तिन्ही जुनी माणसं जशी उच्चारतात तशी लिहून पाठवा. इंग्रज कारकुनाने ती कशी ऐकली असतील ते मग आपण दोघं बसून लावू. या शनिवारी माझ्या सकाळी नऊला, तुमच्याकडे संध्याकाळ असेल.