खिम्याचा रस्सा: मैद्यावर दाटवायचा की वाटणावर?

येळ्ळूरकर

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा, खिमा म्हटला की आधी कांदा-खोबरं भाजायचं, वाटण काढायचं आणि मग खिम्याकडे वळायचं. रविवारी ते शोभतं. पण कामाच्या दिवशी, बाहेर पाऊस लागलाय, घरात सगळे भुकेलेत, अशा रात्रीला अमेरिकेत घरोघरी करतात तो साधा प्रकार जास्त बरा, असं माझं मत आहे. खिमा खरपूस परतायचा, त्याच भांड्यात त्याच चरबीवर मैदा परतायचा, वर पाणी किंवा दूध घालून दाट रस्सा करायचा आणि कुस्करलेल्या बटाट्यावर वाढायचा. तिकडे तो गोमांसाचा करतात, आपण मटणाचा करू. वाटण खिम्याची चव झाकतं. पीठ ती नुसती धरून ठेवतं, स्वतःची चव पुढे करत नाही.

चौघांचं प्रमाण: मटण खिमा ५०० ग्रॅम, त्यात चरबी साधारण पाचवा हिस्सा. कांदा १ मोठा, बारीक चिरून. लसूण ६ पाकळ्या. मैदा ३ मोठे चमचे, सपाट. अळणी, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, ५०० मिली. मिरी भरडून १ छोटा चमचा, मीठ शेवटी.

अळणी साधीच: पाव किलो हाडं, हळद, आलं-लसूण, चिमूट मीठ आणि एक लिटर पाणी कुकरला लावायचं. शिट्टी आली की गॅस बारीक करून अर्धा तास. एवढं केलं नाही आणि नुसतं पाणी ओतलं, तर रस्सा दाट होईल पण पोकळ लागेल.

बिडाची कढई चांगली तापू द्या. निम्मा खिमा पसरून घाला आणि तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नका. खालून तांबूस झाला की उलथण्याने फोडा, काढून ठेवा, उरलेला घाला. सगळा झाला की कढईत चरबी किती उरली ते बघा. तीन चमचे पिठाला तीन चमचे चरबी हवी. जास्त असेल तर काढा, कमी असेल तर तूप घाला. त्यात कांदा-लसूण, मग मैदा. मंद गॅसवर दोन मिनिटं, बिस्किटासारखा वास येईपर्यंत. मग गरम अळणी एक-एक डाव घालत सारखं ढवळायचं. पहिले दोन डाव घातल्यावर घट्ट गोळा होतो. तिथे घाबरून एकदम सगळं ओतलं की गुठळ्या होतात. खिमा परत आत सोडा, खळखळ उकळी येऊ द्या आणि पाच-सात मिनिटं बारीक गॅसवर ठेवा. मैद्याचा रस्सा उकळल्याशिवाय पुरता दाटत नाही. त्याआधीच पातळ वाटतो म्हणून आणखी पीठ घातलं की पुढे फसतं.

अळणी आधी तयार असेल तर सगळं मिळून चाळीस मिनिटं.

निपाणी_तिखट

येळ्ळूरकर, कृती चोख लिहिलीय, पण निष्कर्ष मान्य नाही. तुमचा रस्सा ताटात पडला की दहा मिनिटांत खळ होतो. मैद्याचा रस्सा गार होताना घट्ट होत जातो, भाकरी त्यात बुडत नाही, वरच्यावर लिंपली जाते. बटाट्यावर चालेल, पण आपल्याकडे ताटात भाकरी नाहीतर भात असतो.

आणि वाटणाला वेळ लागतो हे कारण पटत नाही. कांदा-खोबरं रविवारीच भाजून, पाणी न घालता वाटून डब्यात ठेवायचं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. मग कामाच्या दिवशी वाटणाचा रस्सा तुमच्या मैद्याच्या आधी तयार होतो.

५०० ग्रॅम खिम्याला कांदे २ मध्यम, उभे चिरून थोड्या तेलावर काळपट तांबूस करून. सुकं खोबरं ४० ग्रॅम, पातळ काप, वेगळे भाजून. तीळ १ मोठा चमचा, खसखस १ छोटा चमचा, लसूण १० पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर. खोबरं कांद्याबरोबर एकाच तव्यात टाकू नका. कांद्यात पाणी, त्याला वेळ लागतो. खोबऱ्यात तेल, ते मिनिटाभरात करपतं. करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा मग कशानेही जात नाही.

मिरची दोन प्रकारची घ्या. संकेश्वरी तिखटपणाला, ब्याडगी रंगाला. एक भाग संकेश्वरी, दोन भाग ब्याडगी. नुसती संकेश्वरी घातली तर मुलं जेवणार नाहीत, नुसती ब्याडगी घातली तर रंग झणझणीत आणि जीभ उपाशी.

दाटपणा कमी पडला तर फुटाण्याचं डाळं, मिक्सरमधून पूड करून १ मोठा चमचा, पाण्यात कालवून घाला. ते आधीच भाजलेलं असतं, म्हणून कच्चट वास येत नाही. मैद्याची गरज कुठेच पडत नाही.

शहापूरची माई

दोघांनीही मुळातली एक गोष्ट सोडली. बहुतेक घरांत खिमा खरपूस होतच नाही, तो स्वतःच्या पाण्यात उकडतो. मग त्यावर मैदा घाला नाहीतर वाटण, चव फिकीच.

कारण सांगते. दुकानातून आणलेला खिमा आपण घरी नळाखाली धुतो. खिम्याच्या प्रत्येक कणाला पाणी चिकटतं आणि चाळणीत अर्धा तास ठेवलं तरी ते निघत नाही. कढईत पाणी आहे तोवर भांड्याच्या तळाची उष्णता ते उडवण्यात जाते, मांस शंभर अंशांच्या आसपासच घुटमळतं. खरपूस रंग आणि वास यायला त्याच्या बरंच वर, १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून मांस धुवायचं ते तुकडे असताना. दुकानदाराला तसं सांगायचं: तुकडे धुऊन, निथळून, मगच मशीनला, आणि एकदाच. दोनदा काढलेला खिमा कबाबाला चांगला, रश्शात त्याचा लगदा होतो.

मीठही परतण्याआधी लावून ठेवू नका, तेही पाणी ओढतं. आणि अर्धा किलो एकदम घातला की कढई गार पडते. येळ्ळूरकरांनी दोन हप्त्यांत परता सांगितलंय ते त्यासाठीच.

आता खरवड. खिमा काढल्यावर कढईच्या तळाला तपकिरी थर धरलेला दिसतो. तो करपलेला समजून पुष्कळजण घासायला टाकतात. बोटाने चाटून बघा: गोडसर, खमंग लागला तर तो रश्शाचा जीव आहे, कडू लागला तर टाकून द्या. त्यावर कांदा घातला की कांद्याच्या पाण्याने तो सुटतो, लाकडी उलथण्याने खरवडून घ्यायचा. हा भाग येळ्ळूरकरांचा बरोबर.

पण दाटवायला मी डाळ्याच्याच बाजूने. मैदा परतताना दोन मिनिटं कमी पडली की पिठूळ चव राहते, जास्त झाली आणि गडद तपकिरी झाला की त्याची दाटवण्याची ताकद घटते. नवख्या हाताला ही मधली जागा पटकन सापडत नाही.

येळ्ळूरकर

माई, मैदा गडद भाजला की दाटपणा घटतो हे खरंय, म्हणूनच बिस्किटाच्या वासावर थांबा म्हटलं. पण डाळं बिनचवीचं नाही. चमचाभर घातलं तरी रश्शाला चटणीसारखा वास येतो. वाटणाच्या तिखट रश्शात तो मिसळून जातो, मिरीच्या सौम्य रश्शात उघडा पडतो. मला हवाय तो सौम्य रस्सा. घरात लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत, त्यांना संकेश्वरीचा जाळ कशाला?

निपाणीकर, खळ होतो हेही खरं. त्याला उपाय असा की गॅसवर असताना रस्सा वाढायच्या दाटपणापेक्षा एक पायरी पातळ ठेवायचा. चमचा बुडवून उलटा धरा, पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच भरून आली की पातळ, तशीच राहिली की ताटात घट्ट होणार. हळूहळू भरत आली की गॅस बंद.

कॅम्प_खिचडी

बेळगावात कॅम्पाच्या बाजूला पुष्कळ घरांत खिमा म्हशीचा असतो, त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कर्नाटकात २०२१ पासून लागू असलेल्या कायद्याने गाय, वासरू, बैल यांची कत्तल बंद आहे. म्हैस किंवा रेडा १३ वर्षांच्या वरचा असेल आणि तसा दाखला मिळाला असेल तरच परवानगी. त्यामुळे इथे बीफ म्हणून मिळतं ते मोठ्या वयाच्या जनावराचं मांस असतं आणि अमेरिकेतल्या गोमांसाच्या कृती त्याला जशाच्या तशा लागू होत नाहीत. तिकडचा खिमा पाचवा हिस्सा चरबीचा. हा गडद लाल आणि जवळजवळ बिनचरबीचा. कोरड्या कढईत टाकला की चरबी सुटत नाही, कण आखडतात आणि वाळूसारखे दाताखाली येतात.

अर्ध्या किलोला ३ मोठे चमचे तेल किंवा तूप आधी तापवा. त्याहून चांगलं म्हणजे खिमा काढतानाच ७५ ग्रॅम मटणाची चरबी मशीनमध्ये घालून घ्या. शिवाय खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, २ मोठे चमचे पाण्यात विरघळवून खिम्याला चोळा, वीस मिनिटं ठेवा, मग परता. सोड्याने मांस कमी आखडतं, पाणी कमी सोडतं आणि रंगही लवकर धरतं. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. कच्ची पपई खिम्याला लावू नका, ती तुकड्यांना ठीक. खिमा तिने पिठासारखा होतो.

मटण खिमा वीस मिनिटांत होतो, हा मंद गॅसवर झाकून पस्तीस-चाळीस. मैद्याचं प्रमाण तेच, पण अळणी दीड वाटी जादा लागेल, शिजताना आटतं. मसाला कुठला ते तुम्ही ठरवा. माझं मत येळ्ळूरकरांकडे झुकतं, कारण बिनचरबीच्या खिम्याला पिठाचा गुळगुळीतपणा फार साथ देतो.

खानापूर_घाट

एवढी कढई, दोन हप्ते, पाळत कशाला ओ? कुकर आहे की. कांदा परता, खिमा, वाटण, पाणी, दोन शिट्ट्या. रोजच्या जेवणाला एवढंच सोपं पाहिजे.

शहापूरची माई

कुकरला ना नाही, पण दादा, त्यात खरपूसपणा यायचा नाही. कुकर दाबाखाली १२० अंशांच्या आसपास जातो आणि आत सगळी वाफ. मऊपणा येईल, तो रंग येणार नाही. शिवाय कच्चा खिमा तसाच पाण्यात घातला तर आकसून ढेकळं बांधतो, शिट्टीनंतर ती फुटत नाहीत. कुकरच करायचा तर त्याच्याच तळाला खिमा आधी मोकळा परतून घ्या, पावभाजीच्या ठोकणीने दाबून फोडा, मग पाणी. मटणाला दोन शिट्ट्या पुरे, वाफ आपोआप जिरू द्या. आणि मैदा कुकरमध्ये शिट्टीआधी अजिबात नको, तळाला बसतो आणि करपतो. झाकण उघडल्यावर लोण्यात मळलेला मैदा, म्हणजे २ चमचे लोणी, २ चमचे मैदा, थोडा-थोडा सोडून उकळा.

खानापूर_घाट

हे पटलं. ढेकळांचं कारण आता कळलं. पण म्हशीच्या खिम्याला तरी कुकरच बरा, चाळीस मिनिटं गॅस जाळण्यापेक्षा.

कॅम्प_खिचडी

त्याला हरकत नाही. परतून घेऊन चार शिट्ट्या, मग उघडून दाटवा.

निपाणी_तिखट

येळ्ळूरकर, सौम्य रस्साच हवा तर आपला पांढरा रस्सा समोर आहे की. त्यात मैदा नाही: काजू, खसखस, तीळ भिजवून वाटलेले आणि नारळाचं दूध. त्याच धर्तीवर खिम्याला १५ काजू, १ मोठा चमचा खसखस, अर्धी वाटी घट्ट नारळाचं दूध, बाकी अळणी. हिरवी मिरची दोन, मिरी तुमचीच. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही, कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचं. फुटलं तर वर तेल आणि खाली चोथा. म्हाताऱ्यांना चालेल, मुलांना चालेल, भाकरी बुडेल.

आणि तुम्ही दूध वापरा म्हटलंत त्यात एक सावधगिरी लिहायला हवी होती. दूध घालायचं तर टोमॅटो, दही, आमसूल काही नको. आंबट आणि उष्णता एकत्र आली की दूध फाटतं. मैदा थोडंफार सावरतो, सगळं नाही.

येळ्ळूरकर

सावधगिरी मान्य, ती राहिली. दूध घालाल तर साय न काढलेलं, खोलीच्या तापमानाचं, आणि मैदा परतून झाल्यावरच.

काजू-खसखशीचा रस्सा उत्तम आहे, मी तो नाकारत नाही. पण काजू भिजवा, खसखस भिजवा, नारळ खवा, दूध काढा: परत आपण तासाभरावर आलो, आणि खर्चही वाढला. ३ चमचे मैदा प्रत्येक घरात पडलेला असतो. सोपं जेवण म्हणजे जे आयत्या वेळी घरात असलेल्या जिनसांवर होतं, हा माझा मुद्दा कायम आहे.

निपाणी_तिखट

कांदा-खोबरंही प्रत्येक घरात पडलेलं असतं. माझाही मुद्दा कायम.

शहापूरची माई

उरलेल्या रश्शाचं लिहून ठेवते, दोन्ही पद्धतींना लागू. खिम्यात वरचं मांस, त्यावरच्या जंतूंसकट, आत मिसळलेलं असतं, म्हणून कच्चा खिमा फ्रिजमध्ये एका दिवसाच्या वर ठेवू नका आणि शिजताना आत कुठेही गुलाबी राहू देऊ नका. शिजलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजला जाऊ द्या, पसरट भांड्यात, म्हणजे लवकर गार होतो. दुसऱ्या दिवशी मैद्याचा रस्सा वडीसारखा सुटेल. त्यात थेट गार पाणी घालून ढवळू नका, गुठळ्या राहतात. आधी मंद गॅसवर सैल होऊ द्या, मग पाव वाटी उकळतं पाणी. वाटणाच्या रश्शाला गरम करताना वर तेल वेगळं दिसेल, ते काढू नका, ढवळलं की परत जिरतं.

मैद्याचा उरला असेल तर बेकरीचा पाव आडवा चिरून तव्यावर कडक भाजा आणि वर ओता. वाटणाचा असेल तर भाकरीच.