उणे १२ मध्ये बाहेर पाइप ओढताना सारखा विझतो आणि पाणी धरतो, काय चुकतंय?

तळ्याकाठचा
नमस्कार मंडळी. मी ऑगस्टमध्ये पुण्याहून मिनियापोलिसला आलो, हा माझा इथला पहिलाच हिवाळा. बाबा गेल्यावर त्यांचा ब्रायरच्या लाकडाचा पाइप माझ्याकडे आला. ते रोज रात्री जेवण झालं की गॅलरीत बसून एकच पाइप ओढायचे, आम्हा भावंडांना त्या वासावरून कळायचं की आता बाबांशी बोलायची वेळ झाली. मी सिगरेट कधी ओढली नाही, पण आठवड्यातून एकदा रविवारी हा पाइप भरतो. बिल्डिंगमध्ये ओढायला बंदी आहे, लीजमध्येच तसं लिहिलंय, म्हणून लेक हॅरिएटच्या काठाने चालत चालत ओढतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मस्त चाललं होतं, आता उणे १०-१२ झाल्यापासून नुसते हाल आहेत. लायटर पेटतच नाही, पेटला तर पाइप पाच मिनिटांत विझतो, आणि विझलाय हे कळतही नाही कारण तोंडातून वाफ निघतेच आहे, मी आपला धूर समजून ओढत बसतो. अर्ध्यात गेल्यावर दांडीत गुडगुड आवाज येतो आणि कडू पाणी जिभेवर येतं. सगळ्यात मोठी भीती म्हणजे लाकूड तडकेल की काय. बाहेर एवढी थंडी आणि आत निखारा. बाबांचा पाइप आहे हो, दुसरा मिळणार नाही. कोणी थंड प्रदेशात ओढत असेल तर कृपया नीट सांगा.

कॅलगरीकर
मी कॅलगरीत २२ वर्षं आहे आणि उणे २० ला पण बाहेर ओढलाय, त्यामुळे सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी लायटर. तुमचा गॅसवाला असणार. ब्युटेन साधारण उणे अर्धा अंशाला उकळतो, त्याखाली त्याची पुरेशी वाफच होत नाही, मग पेटणार काय? लायटर जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा आणि वापरला की लगेच परत आत. नाहीतर सरळ काडेपेटी घ्या, फक्त काडीच्या टोकावरचा मसाला जळून जाऊ द्या आणि मग ज्योत तंबाखूवर धरा, नाहीतर पहिला झुरका गंधकाचा. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून पेटवा.

आता पाण्याचं. तंबाखू जळताना वाफ होतेच, शिवाय तंबाखूत मुळात ओल असते. एरवी ती वाफ धुराबरोबर निघून जाते, पण तुमची दांडी बर्फासारखी गार, मग गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं दांडीला आतून सुटतं, दुसरं काही नाही. उपाय असा की निघायच्या अर्धा तास आधी तंबाखू कागदावर पसरून ठेवा. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की कधीकधी २० मिनिटं पण पुरतात, हाताला कोरडी लागली पाहिजे पण चुरा व्हायला नको. व्हॅनिला, चेरी असले गोड वासाचे तंबाखू या हवेत टाळा, त्यात ओल धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, पाणी पण जास्त आणि जीभ पण भाजते. साधा व्हर्जिनिया घ्या किंवा लटाकिया असलेलं मिश्रण. लटाकिया मुळात धुरावर सुकवतात, गार हवेत त्याचा वास शेकोटीसारखा येतो आणि मला विचाराल तर तो थंडीतच ओढावा.

गुडगुड सुरू झाली की जोरात ओढू नका, पाइप क्लीनर तोंडाकडून आत सारा आणि पाणी टिपून घ्या. पाइप सरळ असेल तर क्लीनर थेट तळापर्यंत जातो. पण गरम असताना दांडी उपसून काढायची नाही म्हणजे नाही. दांडी बहुतेक व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची असणार, ती आणि लाकूड वेगवेगळं फुगतं-आकसतं, गरमागरम पिळली की नेमकी सांध्यावर चीर जाते. मी स्वतःचा एक पाइप असाच घालवलाय, अजून जीव हळहळतो.

तडकण्याबद्दल. थंडीपेक्षा वारा वाईट. वारा निखाऱ्याला भात्यासारखा फुंकतो, एका बाजूने आग भडकते आणि तिथे लाकूडच जळायला लागतं. वर जाळीचं झाकण मिळतं ते लावा, नाहीतर अंगठा अर्धा आडवा धरा. घरातून निघताना रिकामा पाइप दहा मिनिटं कोटाच्या आत ठेवा म्हणजे पहिली ज्योत एकदम गोठलेल्या लाकडाला लागणार नाही. परत आल्यावर हीटरवर ठेवू नका, टेबलावर आपोआप गार होऊ द्या. आणि अर्धाच भरा, पूर्ण भरून ४५ मिनिटं थंडीत उभं राहायची गरज नाही.

एक विचारायचं राहिलं, आत काजळीचा थर किती आहे?

द्राक्षबाग_निफाड
पाइपातलं मला कळत नाही पण चिलीम बघत मोठा झालोय म्हणून लिहितो. आमच्याकडे निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी चार-पाचच्या खाली जातो, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या कराव्या लागतात नाहीतर मणी तडकतात. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे आजोबा रात्री गव्हाला पाणी भरायला जायचे आणि मी कंदील घेऊन मागे. चिलीम भरायच्या आधी ते ती रिकामीच शेकोटीजवळ आडवी ठेवायचे, हाताला कोमट लागली की मगच खडा टाकून तंबाखू भरायचे. गार चिलमीत निखारा टाकला की माती बोलते म्हणायचे. छापी, म्हणजे चिलमीला लावायचं ओलं फडकं, पण थंडीत अगदी घट्ट पिळून घ्यायचे, उन्हाळ्यासारखी ओली नाही. वर कॅलगरीकर काकांनी लाकडाचं जे सांगितलं तेच हे, म्हणून वाचताना एकदम आजोबा आठवले.

रक्तदाब
मी डॉक्टर आहे, ओढू नका असं सांगायला आलेलो नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एक, पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, जीभ, घसा यांच्या कॅन्सरचा धोका राहतोच. जिभेवर, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर लगेच दाखवा. दुसरी गोष्ट थंडीची. निकोटिनने हातापायाच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, थंडीने आधीच आकसलेल्या असतात, त्यामुळे हिमदंशाचा धोका वाढतो. पाइपचा गरम बाऊल हातात असतो म्हणून ऊब वाटते पण ती तळहातापुरती, बोटांची टोकं बघा. उणे १२ मध्ये वारा असताना पेटवण्यापुरताच हातमोजा काढायचा, बोटं बधीर किंवा पांढरी पडली की पाइप तिथेच थांबवा आणि आत या.

कॅलगरीकर
डॉक्टरसाहेब बरोबर. मी मोज्याची दोन बोटं कापून घेतलीत, वरून मोठा मिटन.

तळ्याकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, थर खूप आहे. पेन्सिल कशीबशी आत जाते एवढीच जागा उरलीय. पण खरं सांगू का, तो खरवडायला हात होत नाही. तो बाबांच्या रोजच्या रात्रीचा थर आहे, मी एकदा टोकरायला घेतला आणि परत ठेवून दिला.

कॅलगरीकर
समजतं मला, माझ्याकडेही थोरल्या भावाचा एक आहे. पण ऐक, अरेतुरे करतो, मुलाच्या वयाचा आहेस. पातळ थर लाकडाला आगीपासून वाचवतो, म्हणून तो हवाच. पण एवढा जाड झाला की तापल्यावर तो वेगळा फुगतो आणि लाकूड वेगळं, आतून बाहेर दाबतो आणि बाऊल उभा चिरतो. बाहेर उणे १२ असताना तर आणखीच. तुझ्या भीतीचं खरं कारण थंडी नाही, हा थर आहे. नाण्याच्या जाडीएवढा, एक ते दीड मिलिमीटर ठेव, बाकीचा काढ. चाकू घालायचा नाही, रीमर, म्हणजे थर खरवडायचं हत्यार, आण किंवा पेन्सिलीला बारीक सँडपेपर गुंडाळून हळूहळू फिरव, एका बैठकीत संपवायची घाई नको. बाबांचाच थर आत राहणार आहे, फक्त पातळ होऊन.

आणि फार थंडी असेल त्या दिवशी मक्याच्या कणसाचा पाइप वापर. तुझ्याच अमेरिकेत मिसुरीत वॉशिंग्टन नावाचं गाव आहे तिथे १८६९ पासून बनवतात, स्वस्त असतो, ओल शोषून घेतो, तडकला तर दुःख नाही. बाबांचा उणे पाचच्या वरच्या दिवसांना ठेव.

तळ्याकाठचा
तीन रविवार लागले पण काढला थर. खाली तळाशी लाकडावर एक छोटा काळा डाग दिसला, बहुतेक बाबांनी कधीतरी वाऱ्यातच ओढला असणार. निघालेली काजळी टाकवली नाही, एका डबीत ठेवलीय.

काल उणे ४ होतं, वारा नव्हता. तंबाखू २५ मिनिटं वाळवला, अर्धा भरला, पाइप आधी कोटात. पूर्ण तळं नाही पण अर्धी फेरी झाली, एकदाच विझला, गुडगुड अजिबात नाही. आणि वास अगदी गॅलरीतला आला, मी थोडा वेळ बाकावर बसून राहिलो.

आता एकच विचारायचंय, दांडी हिरवट-पिवळी पडलीय, ती कशी साफ करू?

कॅलगरीकर
व्हल्कनाइट उन्हाने तसं पडतं. साधी पांढरी टूथपेस्ट आणि ओला सुती कपडा, हलक्या हाताने, नंतर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब चोळ. सांध्याजवळ घासू नको, कड गोल होते. आणि तोंडाच्या टोकाला दातांच्या खुणा असतील, तिथे तर सँडपेपर लावूच नको.

तळ्याकाठचा
आहेत खुणा. डाव्या बाजूला, दोन. नाही लावणार.