गोल्फ कोर्सची जुनी इरिगेशन सिस्टिम बदलायचीय, आधी पाईप की आधी कंट्रोलर?

हिरवळवाला
पुण्याजवळच्या एका १८ होलच्या कोर्सचा मेंटेनन्स बघतो. लाईन नव्वदच्या दशकातली, पीव्हीसी, सोल्युशन लावून चिकटवलेले जॉइंट आणि खाली काळी माती. उन्हाळ्यात माती भेगाळली की कुठेतरी जॉइंट सुटतो आणि सकाळी फेअरवेवर (खेळायच्या मुख्य हिरव्या पट्ट्यावर) तळं. स्प्रिंकलर काही फिरतात, काही एकाच जागी उडवत बसतात, आणि व्हॉल्व्ह कुठे गाडलेत ते फक्त एका माळीकाकांना माहीत, तेही आता रिटायर व्हायला आलेत. कमिटीने कुठलंतरी प्रेझेंटेशन बघितलं, मोबाईलवरून चालू-बंद, मातीत सेन्सर, वेदर स्टेशन, आणि आता म्हणतात यंदा कंट्रोलर आणि हेड (म्हणजे स्प्रिंकलर) घेऊ, पाईपचं पुढे बघू. मला काही पटत नाहीये पण मुद्दा मांडायचा कसा?

पंपहाऊस
पुढे बघू म्हणजे झालंच मग! हेडला ४-५ किलो प्रेशर मिळालं नाही तर मोबाईलवरून चालवा नाहीतर हाताने, पाणी तेवढंच पडणार. कमिटीला भाषण देऊ नका, आकडा दाखवा. एका फेअरवेवर सारख्या अंतरावर सारख्याच आकाराचे डबे मांडा, १५ मिनिटं पाणी सोडा आणि प्रत्येक डब्यातलं मोजा. सगळ्यात कमी भरलेल्या पाव हिश्श्याची सरासरी भागिले एकूण सरासरी. ०.७ च्या वर आलं तर ठीक, ०.५ च्या आसपास असेल तर कोरडा पट्टा वाचवायला बाकी सगळीकडे दुप्पट पाणी ओतताय असं समजा.
पाईप एचडीपीई घ्या, जॉइंट मशीनवर वितळवून जोडतात त्यामुळे माती हलली तरी सहसा सुटत नाही. आणि पंप धाडकन चालू होत असेल तर व्हीएफडी (मोटर हळूहळू वेगात आणणारा ड्राइव्ह) बसवाच, जुन्या लाईनचे निम्मे जॉइंट त्या दणक्यानेच जातात (हा माझा अंदाज, पण पैज लावायला तयार आहे). चर बुजवायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्हचं जीपीएस लोकेशन घ्या, काकांना सोबत घेऊन.

दोनवायर
कंट्रोलरबद्दल एक. आता बहुतेक टू-वायर सिस्टिम येतात, एकच केबल सगळीकडे फिरते आणि प्रत्येक हेडपाशी डीकोडर (केबलवरून आलेला आपल्या हेडचा सिग्नल ओळखणारं छोटं यंत्र), रेन बर्ड कंपनीचं तर मॉड्यूल हेडमध्येच असतं. कॉपर खूप वाचतं. पण आपल्याकडे एप्रिल-मेमधला वळीव! वीज जवळपास पडली तरी सर्ज केबलमधून लांबपर्यंत जातो आणि डीकोडर ओळीने उडतात. अर्थिंग १० ओहमच्या आत लागतं आणि खाली काळा पाषाण असेल तर ते सहजासहजी मिळत नाही, त्याचं बजेट कोटेशनमध्ये वेगळं दाखवायला सांगा नाहीतर ठेकेदार एक सळई ठोकून मोकळा होतो. शिवाय एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्याच्या कंट्रोलरवर चालत नाही, म्हणून जवळ सर्व्हिस कोणाची आहे ते आधी बघा, ॲप कोणाचं छान आहे ते नंतर.

कॅरोलिनाकर
मी इथे नॉर्थ कॅरोलिनात आहे. पाइनहर्स्ट नंबर २ या कोर्सवर २०१०-११ मध्ये उलटंच केलं, रफमधलं (फेअरवेच्या कडेच्या भागातलं) गवत काढून वाळू आणि मूळचं झुडूप परत आणलं, हेड ११५० वरून ४५० च्या आसपास आणले, पाणी मुख्यतः फेअरवेच्या मधोमध. कडा उन्हाळ्यात तपकिरी पडतात. २०१४ चं यूएस ओपन, पुरुषांचं आणि बायकांचं लागोपाठच्या आठवड्यांत, त्याच कोर्सवर झालं. इथली जमीन रेताड आहे, तुमची काळी, त्यामुळे जसंच्या तसं जमणार नाही, पण जिथे बॉल कोणी मारतच नाही तिथे हेड हवेत कशाला हे विचारायला काय हरकत.

टँकरग्रस्त
आमच्या सोसायटीला आठवड्यात तीन टँकर आणि तुमचं गवत हिरवं की तपकिरी याची चर्चा. चालू द्या.

हिरवळवाला
@टँकरग्रस्त राग समजतो. आमचं बरंचसं पाणी एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांडपाणी) आहे, विहीर फक्त ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक हिरवळीला) आणि तीही मे मध्ये तळ गाठते. रफमधले हेड कमी करायचं कमिटीसमोर मांडतो, मेंबर ओरडतील पण पाईपचा खर्च त्यातूनच वाचेल.
@पंपहाऊस खोदकाम कधी करावं? पावसाळ्यात चर भरतात, थंडीत बर्म्युडा गवत वाढत नाही त्यामुळे चरांचे डाग तसेच राहतात.

पंपहाऊस
फेब्रुवारीपासून, एकावेळी दोन-तीन होल, नवीन लाईन जुनीच्या शेजारून टाका आणि ती चालू झाल्यावरच जुनी तोडा. मेच्या मध्यापर्यंत चर बुजले पाहिजेत, पुढचं पाऊस बघून घेतो. एसटीपीच्या पाण्याला आधी चांगला फिल्टर लावा, नाहीतर नवीन हेडसुद्धा वर्षभरात चोक. डब्यांची टेस्ट मात्र पहाटे, वारा नसताना, आणि कमिटीतल्या एकाला तरी तिथे उभं करा.