कोरियन फ्यूजन पबमध्ये जेवताना: काय मागवावं, काय विचारावं (अनुभव धागा)

लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमधले आणि न्यू जर्सीत फोर्ट ली, पॅलिसेड्स पार्कच्या बाजूचे कोरियन फ्यूजन पब आपल्या मंडळींच्या शनिवारच्या बेतात हल्ली हमखास असतात. मेन्यू मात्र गोंधळात टाकतो. एकाच पानावर टाको, फ्राईज, उकळतं सूप, भात आणि सोजू (पाण्यासारखी दिसणारी कोरियन दारू)! म्हणून जाणकारांना हे आमंत्रण. किस्से नकोत, कामाचे तपशील द्या: कोणत्या क्रमानं मागवावं, वाढणाऱ्याला काय विचारावं, फसगत कुठे होते आणि का. शाकाहारी आणि बीफ न खाणाऱ्यांचाही विचार करून लिहा.

पाटावरवंटा

आधी क्रम. या जागांचा पाया कोरियन दारूगुत्त्याचा आहे. तिथे पिण्यासोबत येणाऱ्या पदार्थांना आन्जू म्हणतात आणि ते मधोमध ठेवून सगळ्यांनी खायचे असतात. आपापली वेगळी डिश मागवली की टेबल एकदम भरतं आणि निम्मं खाणं गार होतं. चौघांना एक चिकन, एक जॉन (पिठाचा जाड धिरड्यासारखा प्रकार), एक कॉर्न चीज आणि शेवटी एक उकळतं भांडं पुरतं. चिकन बसल्या बसल्या सांगून टाका. ते ऑर्डरनंतर तळायला घेतलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि घ्यावं तसंच. दहा मिनिटांत आलं तर पहिली तळणी आधीच झालेली असते. कॉर्न चीज तापलेल्या लोखंडी तव्यावर येतं: मक्याचे दाणे, मेयो, थोडी साखर, वर मोझरेला. कडेचं चीज तांबूस होऊ लागलं की खायला लागा. गार झालं की चीज चामट होतं आणि खाली मेयोचं तेल सुटतं.

तळणीतला

चिकनबद्दल सविस्तर, कारण या पबची पारख तिथेच होते. आवरण बटाट्याच्या किंवा मक्याच्या स्टार्चचं आणि पातळ असतं, अमेरिकन पद्धतीसारखं जाड पिठाचं नव्हे. तळणी दोनदा. पहिली साधारण १६० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं. मग तुकडे जाळीवर चार-पाच मिनिटं ठेवतात. तेवढ्यात आतलं पाणी बाहेरच्या थराकडे येतं. दुसरी तळणी १८० ते १९० अंशांना दोन-तीन मिनिटं, तिच्यात ते पाणी उडतं आणि कवच काचेसारखं वाजतं. मधला आराम गाळला की तुकडा ताटात येईपर्यंत मऊ पडतो.

यांगन्योम म्हणजे गोचुजांग (आंबवलेल्या लाल मिरचीची दाट चटणी), लसूण, सोया सॉस आणि कॉर्न सिरपचा गोड-तिखट लेप. तो दाट हवा आणि तुकड्यावर चिकटून बसलेला हवा. ताटाच्या तळाशी सॉसचं तळं साचलं असेल तर तो पातळ आहे किंवा तुकडे फार आधी घोळवलेत. पहिल्यांदा जात असाल तर अर्धं साधं, अर्धं यांगन्योम मागा, बहुतेक ठिकाणी मिळतं. सोबत मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे येतात, व्हिनेगर आणि साखरेत मुरवलेले. दर दोन-तीन तुकड्यांमागे एक खायचा, त्यानं तेलकटपणा कापला जातो. पार्सल नेताना सॉस वेगळा मागा आणि डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, नाहीतर वाफेनं सगळं कवच ओलं होतं.

गोडा मसाला

बीफ न खाणाऱ्यांसाठी. नुसतं ‘बुलगोगी’ (मुरवून भाजलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या) लिहिलं असेल तर ते बीफ समजा. गाल्बी म्हणजे बहुधा बीफच्या बरगड्या, आणि ‘एलए गाल्बी’ म्हणजे त्याच बरगड्या हाडं आडवी कापून केलेल्या पातळ पट्ट्या. नावात ‘दाक’ असेल तर कोंबडी, ‘द्वेजी’ असेल तर डुक्कर. मांडूच्या (कोरियन मोमोंच्या) सारणात बरेचदा पोर्क असतं, मेन्यूत लिहिलेलं नसलं तरी. जापचे हे रताळ्याच्या स्टार्चचे नूडल्स, पण त्यातही बीफच्या बारीक पट्ट्या घालायची पद्धत आहे, म्हणून ‘मांसाशिवाय’ असं स्पष्ट सांगायचं.

टाको या मेन्यूत कसे आले, तर लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली सुरू झालेल्या कोगी या फिरत्या खाद्य-ट्रकमुळे. शेफ रॉय चॉई यांनी मक्याच्या छोट्या टॉर्टियात गाल्बीचं मांस घातलं आणि पुढे असे टाको सगळीकडे पसरले. चांगल्या टाकोत मांसाचा गोडवा मोडायला कोबीची आंबट-तिखट कोशिंबीर, कांदा-कोथिंबीर आणि लिंबू लागतंच. ते कमी असेल तर दुसऱ्या घासालाच तोंडाला मिठी बसते. किमची फ्राईज घेणार असाल तर किमची (आंबवलेला तिखट कोबी) परतलेली आहे का ते विचारा. कच्ची घातली की तिचं पाणी सुटून बटाटे पाच मिनिटांत लगदा होतात.

शेवग्याची शेंग

शाकाहारी लोकांनी इथे फार जपून राहावं, असं माझं ठाम मत आहे. मांसाचे तुकडे दिसत नाहीत म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. तोकबोकीचा (तिखट सॉसमधल्या तांदळाच्या कांड्यांचा) रस्सा सुक्या अँकोव्ही (छोटे मासे) आणि समुद्री केल्पच्या पाण्यात होतो, शिवाय त्यात माशाच्या वड्या असतात. सुनदुबू जिगे हे मऊ टोफूचं सूप, पण त्याचं पाणी अँकोव्ही, शिंपल्या किंवा बीफचं असतं. बिबिमबाप म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, त्यावरच्या गोचुजांगमध्ये कधी खिमा परतून घातलेला असतो. साधी गोचुजांग शाकाहारी, पण बाजारातल्या बऱ्याच गोचुजांगमध्ये गहू असतो, ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

म्हणून ‘व्हेज आहे का?’ एवढंच विचारू नका. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: रश्श्याचं पाणी कशाचं? किमचीत मासा किंवा कोळंबी आहे का? फ्राईज चिकनच्याच तेलात तळता का? त्यातल्या त्यात निर्धास्त पदार्थ म्हणजे गामजा-जॉन. किसलेला बटाटा आणि त्याचाच स्टार्च, बहुतेक ठिकाणी अंडंही नसतं. पाजॉनच्या (कांद्याच्या पातीच्या जॉनच्या) पिठात मात्र अंडं असू शकतं आणि ‘हेमुल’ लिहिलं असेल तर सीफूड.

ताम्हिणी

पेयांचं. सोजूची बाटली ३६० मिलीची, तिचे छोटे प्याले साधारण सात होतात. साधी सोजू हल्ली १६-१७ टक्के अल्कोहोलच्या आसपास, फळांच्या चवीची १२-१३. फळांची गोड लागते म्हणून सरबतासारखी जाते आणि उठताना चढल्याचं कळतं, तेव्हा दोन प्याल्यांमध्ये पाणी घ्या. सोमेक म्हणजे सोजू आणि बिअर, रूढ प्रमाण ३:७. कॅलिफोर्नियात बिअर-वाइनचा परवाना असलेल्या जागेला २४ टक्क्यांपर्यंतची सोजू विकता येते, म्हणून तिथल्या मेन्यूत व्होडकाच्या जागी सोजूची कॉकटेल्स दिसतात.

माकगोली ही तांदळाची दुधाळ दारू, ६ ते ८ टक्के. तळाशी गाळ बसतो, म्हणून बाटली हळूहळू उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही, आणि झाकण थोडं थोडं सोडत उघडायचं. नाहीतर ताजी असेल तर फसफसून अर्धी टेबलावर जाते. पावसात आपल्याला कांदाभजी हवी होते तशी कोरियात पाजॉन आणि माकगोली. वडीलधाऱ्यांना ओतताना बाटली दोन्ही हातांनी धरतात, आणि स्वतःचा प्याला स्वतः भरत नाहीत.

रस्सा भुरका

तोकबोकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत संपवा. तांदळाच्या त्या कांड्या गार होताना स्टार्च घट्ट होऊन रबरासारख्या होतात. तिखट झेपत नसेल तर क्रीम घातलेली ‘रोझे’ घ्या. उरलेल्या सॉसमध्ये भात, तिळाचं तेल आणि गिम (समुद्री शैवालाचा पापड) घालून तिथेच परतून देतात का ते विचारा. तळाला लागलेली खरपूस खरवड हीच त्यातली खरी मजा.

बुदे जिगे या तिखट रश्श्याचं भांडं टेबलावरच्या शेगडीवर येतं. कोरियन युद्धानंतर अमेरिकी तळांवरून मिळणारं स्पॅम (डबाबंद मांस) आणि सॉसेज वापरून हा प्रकार घडला, उइजोंगबू शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. आधी मोठ्या आचेवर खळखळू द्या, मग रामेन टाका, तीन-चार मिनिटांत काढून खा. रामेन आधी टाकलं तर ते सगळं पाणी पिऊन फुगतं. जास्तीचं पाणी आधीच मागून ठेवा.

हिशेबनीस

भारतातून आई-बाबा आले असतील आणि बिअर घेणार असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट सोबत हवा. केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात, आणि आधार कार्ड चालत नाही. सहा किंवा जास्त माणसं असतील तर अनेक ठिकाणी १८ टक्के सर्व्हिस बिलातच लावतात. ती ओळ वाचल्याशिवाय वर टिप लिहू नका. साध्या कोरियन हॉटेलात बानचानच्या (तोंडीलावण्यांच्या) छोट्या वाट्या फुकट पुन्हा भरून मिळतात, पबमध्ये त्याचे पैसे लागू शकतात. कॅलिफोर्नियात रात्री दोननंतर दारू मिळत नाही, शेवटची ऑर्डर त्याआधी बरीच घेतात.

पाटावरवंटा

@हिशेबनीस, छान पुरवणी. एक राहिलं: कात्री आणि चिमटा टेबलावर ठेवलेला असेल तर तो गिऱ्हाइकांसाठीच असतो. जॉन, किमची, गाल्बीची पट्टी, सगळं कात्रीनंच कापायचं. स्टीलच्या चपट्या काड्यांनी ओढून फाडायला गेलात तर सॉस शेजाऱ्याच्या कपड्यांवर.