कॅनडा-अमेरिका लाकूड करार (२००६): विरोधकांचा आक्षेप नेमका काय होता?

कोथरूडकर:
आमच्या अभ्यासमंडळात व्यापार करारांवर चर्चा ठरली असून माझ्या वाट्याला २००६ चा सॉफ्टवुड (पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या) लाकडाचा करार आला आहे. अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावर वसूल केलेल्या सुमारे ५ अब्ज डॉलर आयात शुल्कापैकी ४ अब्ज कॅनडाच्या कंपन्यांना परत मिळाले, तरीही तिथल्या विरोधकांनी या कराराला शरणागती ठरवले. ऐंशी टक्के पैसे परत मिळूनही एवढा संताप कशासाठी? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

कायदा-वाचक:
उरलेले २० टक्के कोणाच्या पदरात पडले, ते आधी पाहा. मागे राहिलेल्या १ अब्ज डॉलरपैकी ५० कोटी ज्या अमेरिकी गिरणीमालकांनी ही शुल्के लावायला भाग पाडले त्यांच्याच गटाला मिळाले. म्हणजे पुढच्या भांडणाची बेगमी कॅनडाच्याच पैशातून झाली. त्यातही नाफ्टाच्या (उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या) लवादांनी कॅनडाच्या बाजूने निकाल दिले होते आणि अमेरिकेचे अखेरचे आव्हान ऑगस्ट २००५ मध्ये फेटाळले गेले होते. जिंकत आलेल्या दाव्यात तडजोड का केली, हा कॅनडातल्या विरोधी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा मुख्य सवाल होता.

राजकीय रागाला आणखी एक कारण होते. करार करणारे व्यापारमंत्री डेव्हिड एमर्सन जानेवारी २००६ मध्ये लिबरल पक्षाच्या तिकिटावर निवडून आले आणि दोनच आठवड्यांत पंतप्रधान हार्पर यांच्या कन्झर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळात जाऊन बसले. सरकार अल्पमतात होते. ब्लॉक केबेक्वा या क्वेबेक प्रांतातल्या पक्षाच्या पाठिंब्यामुळेच कराराचे विधेयक तरले.

भवानी पेठेतला वखारवाला:
धंद्याच्या अंगाने पाहिले तर खरी मेख करारानुसार कॅनडाने आपल्याच लाकडावर लावायच्या निर्यात करात आहे. हजार बोर्ड फुटांचा भाव ३५५ डॉलरच्या वर असेल तर कर शून्य, आणि भाव जसजसा उतरेल तसा कर ५, १० आणि शेवटी १५ टक्के. एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळी. त्यामुळे हजार बोर्ड फूट म्हणजे आपले साधारण ८३ घनफूट, आणि करमाफीची रेषा घनफुटाला सव्वाचार डॉलरच्या आसपास येते. मंदीत गिऱ्हाईक नसताना, गिरणी आधीच तोट्यात चालत असताना तिच्यावर जास्तीत जास्त कर बसवायचा, हे कोणत्या व्यापाऱ्याला पटेल? करार लागू झाला तेव्हा भाव पडलेलेच होते, आणि पुढे अमेरिकेतली घरबांधणीच कोसळली. हा कर कॅनडाच्याच तिजोरीत जात होता हे खरे, पण गिरणीच्या गल्ल्यातून गेला तो गेलाच.

अमेरिकेचे मूळ गाऱ्हाणे मात्र अगदीच पोकळ वाटत नाही. कॅनडातली बहुतेक जंगले प्रांतिक सरकारांच्या मालकीची असून तोडीचा दर बहुतांशी प्रशासन ठरवते. आपल्याकडे बल्लारशाहच्या डेपोत सागवानाची बोली लागते, तशी खुली बोली तिथे सर्रास नव्हती, म्हणून अमेरिकेने त्या सरकारी दराला गिरण्यांना दिलेले अनुदान म्हटले.

सहकारनगर:
वरील टीका मान्य असली तरी पर्याय काय होता, हे विरोधकांनी नीट सांगितले नाही. खटला जिंकला तरी अमेरिकी उद्योग शुल्कासाठी नवा अर्ज करायला मोकळाच होता. करार २०१२ मध्ये दोन वर्षांनी वाढवला गेला, ऑक्टोबर २०१५ मध्ये संपला आणि २०१७ पासून शुल्के पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये ती बहुतेक कंपन्यांसाठी ३५ टक्क्यांच्या वर गेली. त्या मानाने नऊ वर्षांची उसंत स्वस्तातच पडली, असे माझे मत आहे.

कायदा-वाचक:
उसंत तरी पुरती कुठे मिळाली? कराराच्या पालनावरून अमेरिकेने कॅनडाला लंडनच्या लवादात खेचले आणि ऑन्टॅरियो व क्वेबेकने गिरण्यांना केलेल्या साहाय्याबद्दल २०११ मध्ये कॅनडाविरुद्ध निकाल गेला. कोथरूडकर, आपल्या चर्चेत हा निकाल जरूर घ्या, कारण दोन्ही बाजूंचे समर्थक तो सोयीस्करपणे वगळतात.