‘फास्टिंग’ला मराठीत काय? उपवास, उपाशीपोटी की अनशापोटी?

चाफेकळी: रक्ततपासणीच्या शिबिरासाठी सूचनांचा कागद मराठीत करून देतेय. मागच्या वर्षीच्या कागदावर कुणीतरी ‘उपवास करून यावे’ असं लिहिलं होतं. एक आजी मोठ्या विश्वासाने आल्या. ‘उपासच आहे हो माझा, वाटीभर खिचडी तेवढी खाल्लीय.’ साबुदाण्याची, वर कूट आणि बटाटा. साखर आली 182. आजींना गोळी सुरू व्हायची ती थोडक्यात टळली. यंदा मी ‘अनशापोटी’ लिहिलं, तर टाइप करणारी मुलगी म्हणते, असा शब्दच नाही. आहे ना?

कृष्णाकाठ: आहे म्हणजे काय! आमची आजी कडुलिंबाचा रस अनशापोटीच द्यायची. अश् म्हणजे खाणे. ‘अनशन’ याच घरातलं.

रिकामटेकडा: आजीचा शब्द आजीला कळेल. मी लहानपणी रागापोटी, द्वेषापोटी, तसंच अनशापोटी समजायचो. अनशा म्हणजे निराशेची धाकटी बहीण! ‘उपाशीपोटी’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

कृष्णाकाठ: उपाशीपोटी पोरं झोपतात, घरात दाणा नसला की. तपासणीला निघालेला माणूस उपाशी नसतो, त्यानं सकाळपासून तोंडात काही घातलेलं नसतं, एवढंच. हा फरक मराठीत करता येतोय, तर तो का सोडायचा?

रिकामटेकडा: कारण समोरच्याला कळत नाही, काका.

मीठभाकर: ‘काही न खाता’ लिहून बी भागत नाही. आमचे वडील शपथेवर सांगायचे, ‘काही खाल्लं नाही.’ चहा? ‘तो काय खायचा असतो का?’ दोन चमचे साखर घातलेला कपभर चहा पोटात, आणि वर आम्हालाच दरडावायचे.

तिसरा मजला: आमच्या एका जिन्यावर उपवासाचे तीन अर्थ आहेत. आमची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. समोरच्या जैन काकूंच्या उपवासात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. चौविहार असला तर तेही नाही. त्या ‘उपवास’ वाचून पाणीसुद्धा न घेता लॅबमध्ये गेल्या. शीर सापडेना, दोन्ही हात टोचून झाले. साधं पाणी चालतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खालच्या चाचांचा रोजा पाण्याविना, पण पहाटे सहेरी झालेली. सकाळी नऊला रक्त दिलं तर आठ तास कुठे होतात? आणि तिघंही खरंच सांगतात की उपवास आहे. काकू घरी या प्रकाराला ‘नरणा कोठे’ म्हणतात, गुजरातीत. तो शब्द कागदावर असता तर त्यांना चटकन कळलं असतं.

शुद्धमती: सरळ ‘निराहार’ लिहावे. भारदस्त आहे, संदिग्ध नाही. आपली न्याहारीही त्यातूनच आली.

कृष्णाकाठ: न्याहारी फारसी आहे हो. नाहार, नाहारी. हिंदीत अजून ‘निहार मुँह’ म्हणतात, ते ह्याच अनशापोटीला.

शुद्धमती: फारसीतला ‘आहार’ कुठून आला मग? उगाच सगळे बाहेरून आणायचे.

कृष्णाकाठ: दोन्ही भाषा चुलत बहिणी आहेत, म्हणून एक दुसरीची आई होत नाही.

चाफेकळी: अहो, कागद संध्याकाळी छपाईला जातोय. आतला मजकूर असा केलाय: ‘रात्री दहानंतर काही खाऊ नका. सकाळी चहा, दूध, उपासाचा फराळ काहीही नको. साधं पाणी प्या. आठ तास झाल्यावर रक्त घेतलं जाईल.’ फक्त वर मथळ्याला एक शब्द हवाय.

रिकामटेकडा: मथळा ‘फास्टिंग’च ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच असतं, रिक्षावालाही तेच म्हणतो.

शुद्धमती: म्हणजे रिक्षावाल्याला मराठी येत नाही, असे?

मीठभाकर: भांडा निवांत. मला एक सांगा, साबुदाणा उपासाला चालतो हे ठरवलं कुणी? तो कसाव्याच्या कंदाचा, कंद अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं तिकडचंच.

तिसरा मजला: आणि गहू मात्र चालत नाही!

मीठभाकर: आमच्याकडं खिचडीत कोथिंबीर चालती. सासुरवाडीला घातली तर ताट मागं सारतात.