थायरॉईड काढल्यावर कॅल्शियम चालू, तरी मुंग्या का?

प्रश्न: बाई, वय 46. पूर्ण थायरॉईड काढून तीन आठवडे झालेत. कॅल्शियम 7.4, अल्ब्युमिन 4.1, पीटीएच (थायरॉईडला लागून असलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं, कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) 6. ओठांभोवती नि बोटांत मुंग्या येतात. कॅल्शियम कार्बोनेट 500 दिवसातून तीनदा, आठवड्याला डी3चं 60,000चं सॅशे. पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी), पँटोप्राझोल आणि कॅल्शियमची पहिली गोळी एकदमच घेतली जाते. डोस वाढवायचा का?

औषधवाला: आधी वेळा सुधारा. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि पँटोप्राझोल तेच कमी करतं, त्यात उपाशीपोटी! कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यायचं. पँटोप्राझोल खरंच लागत असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं, पण त्यात कॅल्शियम जेमतेम 21 टक्के (कार्बोनेटमध्ये 40), म्हणजे गोळ्या वाढणार. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही आणि टीएसएचही (थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारं हार्मोन) चढेल.

ग्रंथीवैद्य: वेळा बरोबर आहेत, पण मूळ अडचण सॅशेची. डी3 मूत्रपिंडात सक्रिय व्हायला पीटीएच लागतं. इथे तेच जेमतेम 6 आहे. म्हणून कॅल्सिट्रिऑल, म्हणजे तयार सक्रिय डी हवं, बहुधा 0.25 ते 0.5 मायक्रोग्रॅम दोनदा. नेमका डोस त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा. सॅशे चालू राहू दे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

प्रश्नकर्ता: मॅग्नेशियम आजच आलं, 1.2.

ग्रंथीवैद्य: मग तेही भरून काढा. मॅग्नेशियम खाली असलं की उरलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथी पीटीएच सोडतच नाहीत, आणि कॅल्शियम कितीही दिलं तरी हलत नाही. पँटोप्राझोल महिनोन्‌महिने चाललं तर तेही मॅग्नेशियम पाडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र मॅग्नेशियम जपून.

औषधवाला: हात आखडून वाकडा होणं, श्वास घेताना घशातून आवाज, झटका किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही दिसलं तर गोळ्यांची वाट न बघता थेट हॉस्पिटल. तिथे ईसीजी लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, सावकाश. भसकन दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

ग्रंथीवैद्य: आणि रिपोर्टमध्ये कॅल्शियम 9.5 आणायच्या मागे लागू नका. पीटीएच नसलं की मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवत नाही, जादा दिलेलं लघवीत जाऊन खडे करतं. मुंग्या थांबून कॅल्शियम 8 ते 8.5च्या आसपास राहिलं की पुरे. पातळी स्थिरावल्यावर 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम एकदा तपासून घ्या.